दुरुस्ती मेळा: प्रकल्प नोंदी

२४ ऑगस्ट २०२४. स्वरूप

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार हा आंतरराष्ट्रीय दुरुस्ती दिन. यंदा तो १९ तारखेला येतो. मेळा त्याच दिवशी, सकाळी १० ते दुपारी ३. विभाग चार: विजेची उपकरणं, कपडे, सायकल, लाकडी सामान.

डच पत्रकार मार्टिन पोस्टमा यांनी १८ ऑक्टोबर २००९ रोजी ॲमस्टरडॅममध्ये पहिला 'रिपेअर कॅफे' भरवला. त्यातली मूळ कल्पना आपण तशीच ठेवतो आहोत: वस्तू ठेवून निघून जायचं नाही. मालक टेबलाशी बसेल, वस्तू उघडताना पाहील, जमेल तिथे हात लावेल. यामागे निव्वळ व्यवहार आहे. बिघाड कसा सुरू झाला हे फक्त मालकालाच ठाऊक असतं. 'आधी जळका वास आला, मग बंद पडलं' आणि 'हातातून पडलं, तेव्हापासून बंद आहे' या दोन वाक्यांनी तपासणीची दिशाच बदलते.

फलकावर एकच आकडेवारी घालायची. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेलेला वाटा २२.३ टक्के होता (संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा २०२४चा अहवाल). फलक आकड्यांनी भरला की कुणी वाचत नाही.

३१ ऑगस्ट. काय घ्यायचं, काय नाही

नाकारायच्या वस्तूंची यादी आधी पक्की केली. ती आमंत्रणातच छापायची, कारण जड वस्तू उचलून आणलेल्या माणसाला दारातून परत पाठवणं फार वाईट.

- मायक्रोवेव्ह: आतला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) दोन हजार व्होल्टच्या घरात चार्ज होतो आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज टिकून राहू शकतो. जिवाशी खेळ नाही.
- जुने काचेच्या पिक्चर ट्यूबचे टीव्ही: कारण तेच.
- गॅसवर चालणारं काहीही.
- फुगलेली लिथियम बॅटरी असलेली वस्तू: मेळ्याच्या जागेत आणायचीच नाही.

फुगलेली बॅटरी तरीही कुणीतरी आणेल असं धरून चालायचं. दाराबाहेर, पेटू शकणाऱ्या वस्तूंपासून लांब, कोरड्या वाळूची धातूची बादली ठेवायची. बॅटरी सहज सुटत असेल तर तिच्या टोकांना चिकटपट्टी लावून वाळूत ठेवायची. अडकली असेल तर उचकटायची नाही, अख्खं उपकरण वाळूत. टोचणं, दाबणं, चार्ज करून बघणं बंद.

माणशी एक वस्तू. दुसरी असेल तर ती रांगेच्या शेवटी.

७ सप्टेंबर. नोंदणीचा कागद

मेळा कसा जाणार हे दुरुस्तीच्या टेबलावर कमी आणि नोंदणीच्या टेबलावर जास्त ठरतं. तिथे बसणाऱ्याला सोल्डरिंग येत नसलं तरी चालेल, पण प्रश्न नेमके विचारता यायला हवेत.

कागदावरचे रकाने: वस्तूचा प्रकार, कंपनी, अंदाजे वय, वजन (ताणकाट्यावर किंवा पार्सलच्या काट्यावर), तक्रार मालकाच्याच शब्दांत, शेवटची नीट कधी चालली, आधी कुणी उघडली होती का. हा शेवटचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा फार कामाचा आहे. आधी उघडलेल्या वस्तूत एखादा स्क्रू गायब असतो, एखादी वायर चुकीच्या टोकाला जोडलेली असते आणि मूळ बिघाडावर दुसरा बिघाड चढलेला असतो.

निकालाचे रकाने ओपन रिपेअर अलायन्सच्या (दुरुस्ती गटांच्या नोंदी एकत्र करणारा आंतरराष्ट्रीय गट) पद्धतीचे: दुरुस्त झाली, दुरुस्त होऊ शकते, आयुष्य संपलं. पहिला निकाल नसेल तर अडलं कुठे तेही लिहायचं: सुटा भाग मिळत नाही, भाग फार महाग, उघडताच येत नाही, माहिती नाही, अवजार नाही. 'झालं नाही' एवढंच लिहिलेला कागद पुढच्या वेळी कुणाच्याच उपयोगाचा नसतो. 'बॅटरी गोंदाने चिकटवलेली, काढताना केस तुटते' असं लिहिलं तर त्यावरून माणसं खरेदीचा निर्णय बदलू शकतात.

कागदाच्या तळाशी मालकाची सही. मजकूर: दुरुस्तीची हमी नाही, उघडताना वस्तू जास्त बिघडू शकते, सुरक्षा चाचणीत नापास झालेल्या वस्तूची वायर चालू स्थितीत परत मिळणार नाही. फोन-लॅपटॉपचं लॉक मालकाने स्वतः उघडायचं. पासवर्ड कुठेही लिहून घ्यायचा नाही.

१५ सप्टेंबर. जागा आणि वीज

विजेचा विभाग भिंतीलगत, म्हणजे वायरी चालण्याच्या वाटेत येत नाहीत. शिलाईला खिडकीजवळचा उजेड. लाकूडकाम आणि सायकल दारापाशी किंवा बाहेर, कारण भुसा आणि ग्रीस दोन्ही कपड्यांचे वैरी. नोंदणीचं टेबल दारात, त्यामागे बसायच्या खुर्च्या, आणि सुरक्षा चाचणीचं टेबल बाहेर पडायच्या वाटेवर. विजेची वस्तू त्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडणार नाही, अशी ती वाट हवी.

भार मोजला. २३० व्होल्टला १६ अँपिअरच्या सर्किटवर साधारण ३,६०० वॅट मिळतात. एक केटल दोन हजार वॅट खाते, एक इस्त्री हजार. दोन केटल एकदम चाचणीला लावल्या की भार सर्किटच्या मर्यादेबाहेर जातो. म्हणून गरम होणाऱ्या वस्तूंसाठी चाचणीचा सॉकेट एकच. बाकी टेबलांवर फक्त सोल्डरिंग आयर्न आणि दिवे. चाचणीची सगळी वीज ३० मिलिअँपिअरच्या गळती-संरक्षक स्विचमधून घ्यायची. गुंडाळीचं एक्स्टेन्शन पूर्ण उलगडून वापरायचं. गुंडाळलेल्या वायरीतली उष्णता बाहेर पडत नाही आणि भार मोठा असेल तर आवरण वितळतं.

२१ सप्टेंबर. सामान

विजेच्या प्रत्येक टेबलावर मल्टीमीटर, छोट्या-मोठ्या पेचकसांचा संच (त्रिकोणी आणि मधे खुंटी असलेल्या तारेच्या आकाराच्या टोकांसह, कारण घरगुती उपकरणांच्या बुडाशी हेच स्क्रू असतात), बारीक नाकाची पक्कड, वायर सोलायची पक्कड, लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) दाबायची पक्कड, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, हेडलॅम्प, कप्प्यांचा ट्रे. सगळ्या टेबलांत मिळून एक मेगर (आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) आणि एक सिरीज लॅम्प बोर्ड (वस्तूला जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा).

संपणाऱ्या वस्तू: तीन पदरी वायर, प्लग, फ्यूज, वेगवेगळ्या तापमानांचे थर्मल फ्यूज (ठरावीक तापमानाला वीज तोडणारे), फायबरग्लासची नळी, श्रिंक ट्यूब (गरम केल्यावर आवळणारी नळी), लग, पंख्याचे कपॅसिटर, कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे), मशीन ऑइल. कार्बन ब्रश तंतोतंत मापाचे मिळतीलच असं नाही. थोडे मोठे घेऊन पॉलिश पेपरवर घासून मापात आणता येतात. ब्रश खाचेत मोकळा सरकला पाहिजे, पण हलता कामा नये.

ट्रेबद्दल सगळ्यांना एकच सूचना: ज्या क्रमाने स्क्रू निघाले त्याच क्रमाने कप्प्यांत. एकाच उपकरणात ८ आणि १२ मिलिमीटरचे स्क्रू असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला तर आतली वायर किंवा सर्किट बोर्ड फोडतो. प्रत्येक झाकण काढल्यावर, वायर सोडवण्याआधी, मालकाच्या फोनवर फोटो.

२८ सप्टेंबर. विजेच्या टेबलाची उजळणी

क्रम सगळ्यांसाठी सारखा: बघा, वास घ्या, हलवा, मोजा, मग उघडा. वस्तू आली की सॉकेटला लावून बघायचा मोह होतो. तो टाळायचा. आधी प्लगच्या पिनांवर मल्टीमीटर.

गरम होणाऱ्या वस्तूंचं गणित सोपं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे अपेक्षित ओहम. २३० व्होल्टची हजार वॅटची इस्त्री सुमारे ५३ ओहम दाखवेल, दोन हजार वॅटची केटल २६ च्या आसपास. थंड असताना आकडा थोडा कमी येतो. अनंत दाखवला तर वाटेत कुठेतरी तुटलंय: वायर, स्विच, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज किंवा एलिमेंट (तापणारी तार), याच क्रमाने शोधायचं. जवळजवळ शून्य आला तर शॉर्ट.

सिरीज लॅम्प मोटर आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी उत्तम. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि वस्तू वाचते. पण इस्त्री-केटलसाठी त्यावर विसंबू नये. १०० वॅटच्या बल्बच्या मानाने एलिमेंटचा रोध इतका कमी असतो की ठणठणीत इस्त्रीवरही बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो. तिथे मल्टीमीटरच. बल्ब मात्र जुन्या तारेचा हवा, एलईडी चालत नाही.

थर्मल फ्यूज बदलताना तीन गोष्टी. तापमान आणि अँपिअर मूळचेच. टोकं सोल्डर करायची नाहीत, लग दाबून जोडायची: सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा फ्यूज तिथल्या तिथे उडतो, आणि एलिमेंटजवळचं साधं सोल्डर वापरात मऊ होऊन सुटू शकतं. वरून फायबरग्लासची नळी. तिसरी गोष्ट, फ्यूज का उडाला ते शोधल्याशिवाय झाकण लावायचं नाही. बऱ्याचदा थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटलेले असतात. 'फ्यूज काढा आणि डायरेक्ट करून द्या' ही मागणी हमखास येते. उत्तर नेहमी नाही. डायरेक्ट केलेली इस्त्री चालते, आणि एके दिवशी घर पेटवते.

प्लगमध्ये किंवा कुठल्याही स्क्रूखाली वायरीच्या तारांना सोल्डर लावायचं नाही. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं, स्क्रू सैल होतो, तिथे उष्णता तयार होते आणि प्लग काळा पडतो. तारा पिळून लगमध्ये घाला.

मिक्सर आला तर आधी बुडाचं लाल बटण. ओव्हरलोडने ते बाहेर आलेलं असतं आणि मिक्सर मेला असं समजून माणसं नवा घेतात. मग कार्बन ब्रश. मूळ लांबीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत झिजले असतील तर बदला, दोन्ही एकदम. कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने फिरवत साफ करा, एमरी पेपर नको: त्याचे वीजवाहक कण पट्ट्यांच्या फटीत अडकतात. वरचा कपलर (भांडं ज्यावर बसतं ते चक्र) बऱ्याच मिक्सरमध्ये उलट्या आट्यांचा असतो. सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी दुसऱ्या दिशेने फिरवून पाहा.

पंखा हळू फिरतो तेव्हा आधी हाताने फिरवून बघायचं. जड फिरला तर बुश (दांडा ज्यात फिरतो त्या कड्या) कोरडे: जुना चिकटा पुसून मशीन ऑइलचे दोन-तीन थेंब. गंज सोडवायचा स्प्रे इथे नको, तो उडून जातो आणि उरलंसुरलं तेलही धुऊन नेतो. हलका फिरतो तरी चालू होताना ढकलावा लागतो, म्हणजे कपॅसिटर उतरला. आधी डिस्चार्ज करा. नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज मूळइतकं किंवा जास्त.

शेवटची सुरक्षा चाचणी. धातूची बॉडी आणि अर्थिंग असलेल्या वस्तूत प्लगच्या अर्थ पिनपासून बॉडीपर्यंतचा रोध ओहमच्या अंशात हवा. मग फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीच्या विरुद्ध ५०० व्होल्ट डीसीवर मेगर, वस्तूचा स्विच चालू ठेवून. अर्थिंगवाल्या वस्तूला किमान १ मेगाओहम, दुहेरी आवरणाच्या वस्तूला २. बरेच दिवस बंद पडलेल्या केटल-गीझरच्या एलिमेंटमधली पांढरी भुकटी ओल शोषते आणि आकडा खाली येतो. तेवढ्यावरून एलिमेंट फेकू नये. कोरड्या उष्णतेत वाळवून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर ओल होती, नाही चढला तर एलिमेंट गेलं.

५ ऑक्टोबर. बाकीचे विभाग

शिलाई. चेन बंद होऊनही मागून उघडते, तेव्हा दात चांगले असतात आणि धावपट्टी (चेनवर सरकणारी कडी) सैल झालेली असते. दोन्ही कडा पकडीने थोड्या थोड्या दाबायच्या, प्रत्येक वेळी चालवून बघत. एकदम दाबली तर तुटते. मशीनखाली दोऱ्याचं जाळं होत असेल तर बॉबिनला दोष देऊ नका. दाबपट्टी (सुईखाली कापड दाबून धरणारा भाग) खाली असताना वरचा दोरा ओवला की तो ताणाच्या चकत्यांत बसतच नाही. दाबपट्टी वर करून पुन्हा ओवा. सुया: साध्या सुती कापडाला ८० नंबर, जाड कापडाला ९०, जीन्सला १००. बोथट सुई टाके सोडते, तिची कंजुषी नको.

सायकल. ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवायचं, काटा तिथेच असतो. ट्यूब पॉलिश पेपरने खरवडा, सोल्यूशन पातळ लावा आणि पूर्ण सुकू द्या, साधारण पाच मिनिटं. ओल्यावर लावलेलं ठिगळ निघतंच. साखळीची झीज पट्टीने मोजता येते: पिन ते पिन २४ दुवे म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. ३०६.३ झाले की बदलायची वेळ आली. ३०७.८ पर्यंत ताणली तर दातेरी चक्रंही सोबत झिजलेली असतात आणि नवी साखळी त्यांवरून सरकते.

लाकूड. हलणाऱ्या खुर्चीचा सांधा जुना गोंद पूर्ण खरवडल्याशिवाय धरत नाही, कारण नवा पांढरा गोंद वाळलेल्या गोंदावर चिकटत नाही. क्लॅम्प किमान अर्धा तास, बसायचं २४ तासांनी. लाकूडकामाची नोंदणी दुपारी एकलाच बंद करायची.

१२ ऑक्टोबर

आमंत्रण गेलं. त्यात तीन ओळी ठळक: वस्तू स्वच्छ करून आणा, चार्जर-रिमोट-सुटलेले भाग सोबत आणा, शेवटची नोंदणी दुपारी २ वाजता. शेवटच्या तासात नवीन वस्तू घेतल्या की अर्ध्या उघडलेल्या वस्तू पिशवीत घालून परत द्याव्या लागतात.

१९ ऑक्टोबर. मेळा

सुरुवातीच्या तासात विजेच्या टेबलांवर गर्दी, शिलाईला जवळजवळ कुणी नाही. अकरानंतर उलट. थांबलेल्यांना शिलाईच्या टेबलावर बटण लावायला बसवलं, त्यामुळे रांगेची कुरकुर थांबली.

एक कागद पूर्ण उतरवून ठेवतो, कारण असे बिघाड सगळ्यात जास्त येतात. इस्त्री, हजार वॅट, 'कधी चालते, कधी नाही'. मीटर पिनांवर लावून वायर इंच-इंच वाकवत नेली. हँडलमध्ये शिरते तिथे वाकवली की ५२ ओहम, सोडली की अनंत. आवरण बाहेरून धड, आतल्या तारा तुटलेल्या. बिघाडाच्या पुढे दहा सेंटिमीटर धरून वायर कापली, टोकं सोलली, नवे लग दाबले. ताण घेणारी पट्टी आवरणावर घट्ट बसवली, आतल्या सुट्या वायरींवर नाही. अर्थची वायर बाकी दोन्हींपेक्षा थोडी लांब ठेवली, म्हणजे वायर कधी उपसली गेली तर अर्थ शेवटी सुटेल. मेगरवर पास. हे सगळं तिच्या मालकिणीने स्वतः केलं, टेबलावरचा माणूस फक्त सांगत होता.

अडलेल्या वस्तूंत सर्वाधिक त्या, ज्यांचं आवरण चिकटवून बंद केलेलं होतं: दात घासायचे विजेचे ब्रश, वायरलेस इअरफोन, काही चार्जर. स्क्रूच नाही, तर हात घालायचा कुठे? कागदावर 'उघडताच येत नाही' हे कारण स्वच्छ लिहिलं.

न झालेली प्रत्येक वस्तू मालकासोबत परत गेली. 'इथेच ठेवून घ्या' ऐकलं की एक वस्तू राहते आणि संध्याकाळपर्यंत खोलीचं भंगारचं दुकान होतं. अधिकृत ई-कचरा संकलनाची माहिती छापील चिठ्ठीवर दिली.

२१ ऑक्टोबर. नोंदी

सगळे कागद तक्त्यात भरले. एकट्या व्यक्तीने भरले की वर्गवारी एकसारखी राहते. वजनाची बेरीज फक्त 'दुरुस्त झाली' वस्तूंची. 'दुरुस्त होऊ शकते' यातलं वजन यशात धरायचं नाही, तो भाग मिळाल्यावरचा हिशेब आहे. त्या मालकांना हव्या त्या भागाचं नाव आणि माप संदेशाने पाठवलं. भागाचा नेमका क्रमांक हातात नसेल तर ती वस्तू पुन्हा कधीच टेबलावर येत नाही.

२३ नोव्हेंबर. महिन्यानंतरची विचारपूस

प्रत्येक मालकाला तीन प्रश्न: वस्तू चालते का, वापरात आहे का, पुन्हा बिघडली तर कशी. मेळ्याच्या दिवशी 'दुरुस्त' लिहिलेलं आणि महिन्याने खरोखर चालणारं यांत फरक पडतो. तक्त्यात आता दोन्ही रकाने आहेत. बाहेर सांगायचा आकडा दुसऱ्या रकान्याचा.

परत बिघडलेल्यांत ठळक प्रकार दोन. दाबून बसवलेल्या धावपट्ट्या पुन्हा सैल झाल्या, धातू एकदा वाकला की तो कमकुवत होतोच. आणि काही खुर्च्यांचे सांधे सुटले, कारण त्या त्याच संध्याकाळी वापरात आल्या.

पुढच्या वेळेसाठी: ३, ५ आणि ८ नंबरच्या चेनच्या नव्या धावपट्ट्या, धातूच्या आणि नायलॉनच्या दोन्ही. दाबणं हा तात्पुरता उपाय, बदलणं हा नेहमीचा. चिकटवलेल्या प्रत्येक वस्तूला बसायच्या जागी आडवी चिकटपट्टी आणि त्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी: अमुक वाजेपर्यंत बसू नका. मेगरच्या टेबलावर दुसरा माणूस, कारण दुपारी एक ते दोन तिथेच रांग लागली होती.